खांदे, नग दोन

शिंप्यानं मापाची पट्टी सरसावली आणि मागे वही घेऊन बसलेल्या बायकोला आकडे सांगायला सुरुवात केली.

"छाती अडतीस. पोट..." इथं त्यानं गिऱ्हाईकाकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं, "...बेचाळीस. बाही चोवीस. खांदे..."

पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. शिंप्याची बायको पेन्सिल वहीला टेकवून वाट बघत होती.

"खांदे किती?" तिनं विचारलं.

"खांदे करून घेऊ," शिंपी म्हणाला.

गिऱ्हाईक म्हणजे नोंदणी कार्यालयाचे हेडक्लार्क. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविषयी बरंच काही बोललं गेलं होतं, त्यातलं थोडंफार लेखीसुद्धा होतं. पण त्यांच्या शरीराचा एखादा भाग मुळात अस्तित्वातच नाही, असं अजून कुणी म्हणालं नव्हतं. आणि तेही एका बाईसमोर, वहीत नोंद होत असताना! कार्यालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, त्यानिमित्त सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार होता, आणि हेडक्लार्क पहिल्या रांगेत खुर्चीवर बसणार होते. कोट त्यासाठी होता.

"कापूस किती भरू? अर्धा इंच की पाऊण?" शिंप्यानं विचारलं.

"कापूस नको," हेडक्लार्क ताठ होत म्हणाले. ताठ झाल्यावर खांदे आणखीच दिसेनासे झाले, पण ते त्यांना मागून दिसत नव्हतं. "अडीच महिन्यांनी येतो. खांदे घेऊन येतो."

गिऱ्हाईकानं स्वतःची बटणं आणतो म्हणावं, तशी शिंप्यानं मान डोलावली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "काय गं, मला खांदे आहेत का?"

ती एका शाळेत ग्रंथपाल होती आणि कायम कुठल्या ना कुठल्या पुस्तकाला कव्हर घालत असायची. तिनं वर न बघता सांगितलं, "शर्ट अडकतोय ना कशावर तरी? मग असतीलच."

माणसाला एखादी गोष्ट करायची आहे हे शेजाऱ्यांना कसं कळतं, हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं एक डबा काढून दाखवला. डब्यावरच्या माणसाला खांदे इतके होते, की मानेला जागाच उरली नव्हती. "महिन्यात फरक," औषधवाला म्हणाला, आणि डब्यावरची धूळ फुंकताना त्यालाच असा ठसका लागला, की हेडक्लार्कांना त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. समोरच्या दारातल्या वहिनींचा एक चुलतभाऊ पन्नाशीनंतर दांडीला लटकू लागला होता. "मग?" हेडक्लार्कांनी उत्सुकतेनं विचारलं. "मग काय? लटकले ते लटकलेच," वहिनी म्हणाल्या आणि आणखी तपशील द्यायला त्यांनी नकार दिला.

शेवटी हेडक्लार्क नव्या, आरशांच्या व्यायामशाळेत गेले. तिथं टेबलामागच्या मुलीनं गोड हसून विचारलं, "वडिलांसाठी चौकशी का?" हेडक्लार्क सुखावले. मग तिनं चष्मा लावून नीट पाहिलं. "अच्छा, तुमच्यासाठी! सकाळी अकराची बॅच आहे. सगळं खुर्चीत बसूनच करायचं असतं, काळजी करू नका."

खुर्चीत बसून करायचं ते हेडक्लार्क गेली एकोणतीस वर्षं करतच होते.

हा विषय बहुधा इथंच मिटला असता. पण त्याच आठवड्यात कार्यालयातल्या एका कपाटाची किल्ली हरवली. ती करून घ्यायला हेडक्लार्क मागच्या गल्लीतल्या कुलपांच्या दुकानात गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. एक म्हातारे गृहस्थ डाव्या हातात चहाचा ग्लास धरून उजव्या हातानं लोखंडी शटर वर ढकलत होते. शटर कुरकुर न करता वर गेलं. ग्लासातला चहा हलला नाही. आणि बनियनमधून जे दोन खांदे बाहेर आले होते, ते बघून हेडक्लार्क किल्लीचं विसरून गेले.

या म्हाताऱ्यांना गल्लीत सगळे उस्ताद म्हणत. वय शहात्तर. दुकानामागच्या खोलीत एकेकाळी वजन उचलणाऱ्यांचं त्यांचं मंडळ होतं. चाळीस सभासद होते. आता उस्ताद होते आणि गंज होता.

हेडक्लार्कांनी चाचरत आपली अडचण सांगितली. उस्तादांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"वय?"

"एक्कावन्न."

"आजवर काय उचललंय?"

हेडक्लार्कांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "फायली."

"निकाली की प्रलंबित?"

"प्रलंबित."

"म्हणजे जड," उस्ताद गंभीरपणे म्हणाले. "मग जमेल."

त्यांनी बाकाखालून दोन डंबेल ओढून काढली. काळं ओतीव लोखंड, दोन्ही टोकांना नारळाएवढे गोळे, आणि मधली मूठ कित्येक हातांनी घासून गुळगुळीत झालेली. "तेराची जोडी. माझ्या गुरूंची आहे. विकायची नाही. वापरा आणि परत आणून द्या," उस्ताद म्हणाले. मग त्यांनी उभं राहायला शिकवलं. माणसाला उभं राहायलाही शिकावं लागतं हे हेडक्लार्कांना नवीन होतं. पाय रोवायचे, पोट आवळायचं, कमरेत मागे वाकायचं नाही. डंबेल खांद्याशी, छाती भरून श्वास, आणि मग सरळ वर, कान ओलांडून डोक्यावर. उतरवताना घाई नाही. आठ वेळा झालं की थांबायचं. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. "यंत्रं खांद्याला ऐदी करतात," उस्ताद म्हणाले. "हे लोखंड आपल्याशी खोटं बोलत नाही."

हे वाक्य हेडक्लार्कांना फार आवडलं. पुढं त्यातल्या दोन किलोंचा हिशेब लागायचा होता, पण ते पुढं.

दोन हातांत दोन पिशव्या घेऊन हेडक्लार्क घरी निघाले. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिला मजला ते ऐटीत चढले, दुसरा मान खाली घालून, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते पायरीवरच बसले. नेमकं तेव्हाच दार उघडून त्यांच्या बरोबर खालच्या घरात राहणारे शेजारी बाहेर आले. हे निवृत्त वजनमापे निरीक्षक. उभं आयुष्य त्यांनी दुकानादुकानांतून खोटी मापं पकडण्यात घालवलं होतं, आणि निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी बाजारात त्यांना पाहून भाजीवाले अजून तराजू पुसत.

"काय आहे पिशवीत?" निरीक्षकांनी विचारलं.

"डंबेल. तेरा तेरा किलोची."

"कुणी तपासलीत?"

"अहो, त्यात काय तपासायचंय?" हेडक्लार्क धापा टाकत म्हणाले.

निरीक्षकांचा चेहरा पडला. एखाद्या कवीला 'कवितेत काय असतं एवढं' असं विचारावं, तसं झालं. ते आत गेले आणि दार जरा जोरातच लागलं.

पहिल्या दिवशी हेडक्लार्कांनी बैठकीच्या खोलीत पाय रोवले, पोट आवळलं, श्वास भरला आणि डंबेल डोक्यावर नेली. व्यायाम बरोबर झाला, पण दिवा फुटला. बायकोनं काचा गोळा करताना एवढंच विचारलं, "आठ वेळा करायचंय म्हणालात ना? घरात दिवे सहाच आहेत." मग व्यायाम झोपायच्या खोलीत, कपाटाच्या आरशासमोर सुरू झाला. पहिल्या आठवड्यात तीन वेळा जमलं, दुसऱ्यात पाच वेळा. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी हेडक्लार्कांनी लाल चेहऱ्यानं, दात आवळून आठवी खेप पूर्ण केली, आणि आनंदाच्या भरात उजव्या हातातलं डंबेल निसटलं.

आवाज फारसा झाला नाही. त्यानंतरची शांतता मात्र फार होती.

पाच मिनिटांनी निरीक्षक दारात उभे. त्यांच्या हातात कपबशी होती, आणि बशी कपावर झाकण म्हणून ठेवलेली होती. त्यांनी ती पुराव्यासारखी उचलून दाखवली. चहात छताच्या गिलाव्याचा चांगला लाडवाएवढा तुकडा होता.

"मी ढवळलेलाही नाही," निरीक्षक म्हणाले. "होता तसा आणलाय."

हेडक्लार्कांनी माफी मागितली, नवा चहा देऊ केला. पण निरीक्षकांनी तक्रार लेखीच करायची असं ठरवलेलं होतं. इमारतीच्या समितीचं पत्र दोन दिवसांत आलं. घरात जड वस्तू ठेवण्यापूर्वी इंजिनिअरचा दाखला जोडणं आवश्यक आहे, असं त्यात म्हटलं होतं. हेडक्लार्कांना पत्राचा मसुदा कच्चा वाटला, दोन ठिकाणी तर क्रियापदच नव्हतं. पण मुद्दा कळण्यासारखा होता. इंजिनिअर आला. त्यानं फरशीवर टकटक केलं, भिंतीला कान लावला, आणि डंबेलांना काही हरकत नसल्याचं सांगितलं. मग तो शेजारच्या खोलीत गेला आणि दारातच थांबला. तिथं चारही भिंतींना बायकोची पुस्तकं होती.

"डंबेलं काय, पंचवीस-तीस किलो. हे मात्र टनात आहे," तो म्हणाला. "यातली निम्मी तरी काढावी लागतील. मग दाखला देतो."

बायकोनं हातातलं पुस्तक शांतपणे मिटलं. ती पुस्तक मिटून बोलायला लागली की विषय संपत आलेला असतो, हे हेडक्लार्कांना पंचवीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

"डंबेल जातील," ती म्हणाली. "पुस्तकं कुठंही जाणार नाहीत. चहा घेणार का?"

चहा इंजिनिअरनं उभ्यानंच घेतला.

अशा रीतीनं डंबेल कार्यालयात आली. फाटकावरचा पहारेकरी आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करायचा. टिफिनचे डबेसुद्धा त्याच्या वहीतून सुटत नसत. पण हेडक्लार्कांना पाहून त्यानं वही मिटली. "साहेब, तुमची कसली नोंद?" तो म्हणाला. हेडक्लार्कांना धन्य वाटलं. या आदरानं आपला घात होणार आहे हे त्यांना तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या फायलींची लांबलचक खोली. तिथं छत उंच होतं, खाली कुणी चहा पीत नव्हतं, आणि दुपारच्या सुट्टीत झुरळंसुद्धा विश्रांती घेत. एका कपाटामागे हेडक्लार्क दिवसाआड आठ वेळा, मग दहा वेळा डंबेल डोक्यावर नेऊ लागले. बाहेर बसणाऱ्या टंकलेखकांना आतून येणारे हुंकार ऐकू येत. हेडक्लार्क जुनी प्रकरणं चाळताना एवढे भावनावश होतात हे पाहून त्यांच्याविषयीचा आदर वाढला. आणि खरंच, सहा-सात आठवड्यांत काहीतरी होऊ लागलं. शर्टाची शिवण घट्ट वाटायला लागली. बसमध्ये वरची दांडी धरली की आधार वाटायचा. एकदा तर घरी येताना जिना चढत असताना त्यांनी बायकोच्या हातातल्या पुस्तकांचा गठ्ठा सहज काढून घेतला, आणि तिनं त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं.

अडीच महिने झाल्यावर ते शिंप्याकडे गेले. शिंप्यानं पट्टी टाकली. मग मागून पाहिलं. मग बायकोला बोलावून तिलाही मागून बघायला लावलं.

"साहेब," तो आदरानं म्हणाला, "मागच्या वेळी एकही नव्हता. आता एक आहे."

"म्हणजे काय?"

"उजवा झकास झालाय. डावा अजून निघालेला नाही. डावीकडे थोडा कापूस भरू का? चालताना तोल जाईल नाहीतर."

फोटोत पहिल्या रांगेत हेडक्लार्क बसलेले दिसतात. फोटोवाला तीनदा "साहेब, डावीकडे कलू नका" असं ओरडला होता, हे अर्थात फोटोत दिसत नाही.

हे दुःख हलकं होतंय तोवर दुसरं उभं राहिलं. कार्यालयात नव्या भांडारपाल बाई बदलून आल्या होत्या. टेबलं, खुर्च्या, पंखे, कपाटं असल्या टिकाऊ सामानाची जी नोंद ठेवतात, तिला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. आजवर कुणीही ती वही आणि ते सामान समोरासमोर आणलं नव्हतं. बाईंनी आणलं. त्या एकेक खोली तपासत गेल्या आणि एका दुपारी रेकॉर्ड रूममध्ये कपाटामागे पोचल्या.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क व्यायामाला गेले, तर दोन्ही डंबेलांवर पांढऱ्या रंगात सुबक आकडे रंगवलेले होते. वहीत नोंद होती: 'लोखंडी दुगोळी वस्तू, नग दोन. उपयोग अज्ञात.'

"बाई, त्या माझ्या आहेत," हेडक्लार्क म्हणाले.

"पावती?"

"पावती नाही. उसन्या आणल्यात."

"फाटकावर आवक नोंद असेलच."

हेडक्लार्कांना पहारेकऱ्यानं आदरानं मिटलेली वही आठवली.

"साहेब, मी नक्की दिल्या असत्या," बाईंनी एक कागद पुढं सरकवला. "पण हे परिपत्रक आहे ना. 'केवळ तोंडी दाव्यावर विसंबून कोणतीही वस्तू, ती कितीही क्षुल्लक असो व दावेदार कितीही वरिष्ठ असो, आवाराबाहेर जाऊ देऊ नये.' खाली तुमचीच सही आहे."

हेडक्लार्कांनी परिपत्रक पुन्हा वाचलं. "भाषा चांगली आहे," ते खिन्नपणे म्हणाले.

"म्हणून तर पाठ झालं," बाई म्हणाल्या.

तसा मार्ग होता. निरुपयोगी वस्तू वहीतून कमी करण्यासाठी एक समिती होती. ती वर्षातून एकदा भरायची, नुकतीच भरून गेली होती, आणि तिचे सचिव स्वतः हेडक्लार्कच होते. अर्जदारच सचिव असला तर काय करायचं, याचा नियम नव्हता; तो करण्याचा प्रस्ताव एकदा आला होता, तेव्हा हेडक्लार्कांनीच त्यावर 'तूर्त आवश्यकता वाटत नाही' असा शेरा मारला होता.

पुढच्या वर्षापर्यंत थांबू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्याच संध्याकाळी उस्ताद त्यांना रस्त्यात भेटले.

"बरं झालं भेटलात. ती जोडी येत्या रविवारी लागेल," उस्ताद म्हणाले. "मागची खोली सोडतोय. मालकाला तिथं गोदाम करायचंय. जुनी मंडळी येणार आहेत, आहेत तेवढी. प्रत्येकानं मंडळात येताना पहिल्यांदा तीच जोडी उचलली होती. आता जाताना एकदा उचलू म्हणतो." मग खांदा उडवून ते म्हणाले, "नाहीतरी दुसरं काय करणार? भाषणं कुणाला येत नाहीत."

हेडक्लार्कांनी "आणतो, आणतो" म्हटलं. घरी आल्यावर ताट बाजूला सारून ते बोलू लागले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"सरळ उचलून आणा ना," ती म्हणाली. "पहारेकरी तुम्हाला कुठं अडवतो?"

"अडवत नाही, तेच तर!" हेडक्लार्क कळवळून म्हणाले. "त्यानं विश्वासानं वही मिटायची आणि मी नंबर घातलेली सरकारी वस्तू पिशवीत घालून न्यायची? एकोणतीस वर्षं झाली गं."

बायकोनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "खाली जा. ज्यांच्या चहात गिलावा पाडलात, त्यांना विचारा. वजनाचं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

हेडक्लार्क गेले. निरीक्षकांनी दार अर्धंच उघडलं.

"साहेब," हेडक्लार्क म्हणाले, "मागे मी तुम्हाला म्हणालो होतो, त्यात काय तपासायचंय. ते माझं चुकलं. तपासायला हवी होती."

दार पूर्ण उघडलं.

शुक्रवारी सकाळी निरीक्षक कडक इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात आले. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी वजन बघायला बोलावलं होतं, आणि ते त्यांच्या चालण्यात दिसत होतं. भांडारपाल बाईंसमोर त्यांनी डंबेलांभोवती दोन चकरा मारल्या, वाकून मूठ तपासली, गोळ्यांवर नखानं वाजवलं.

"यावर तपासणीचा शिक्का कुठाय?" त्यांनी बाईंनाच दरडावून विचारलं.

"शिक्का? नाही."

"शिक्का नसलेलं वजन तुम्ही सरकारी आवारात ठेवलंत? वर नंबर घातलात? वहीत चढवलंत?" मग त्यांनी कुठल्याशा नियमाचा, पोटनियमाचा आणि दुरुस्तीचा क्रमांक इतक्या वेगानं म्हटला, की हेडक्लार्कांनी सवयीनं पेन काढलं पण काही लिहिता आलं नाही. "ताबडतोब तपासणीसाठी बाहेर पाठवा. आजच."

बाईंनी डोळे बारीक केले. मग त्यांनी फाटक पासाचा कोरा कागद घेतला. "प्रत्येक नगाचं वजन लिहावं लागेल. वेगवेगळं."

टपाल विभागातला काटा आणला गेला. पहिलं डंबेल ठेवलं: चौदा किलो दोनशे. दुसरं ठेवलं: बारा किलो शंभर.

निरीक्षकांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकाश पसरत गेला. आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं माप त्यांना निवृत्तीनंतर सापडलं होतं. हेडक्लार्कांनी आधी आपल्या उजव्या खांद्याला हात लावला, मग डाव्याला. जड ते नेहमी उजवीकडे असायचं. कपाटामागे ते तसंच ठेवलेलं असायचं, आणि हेडक्लार्क ते शिस्तीनं तसंच उचलायचे.

"परत येण्याची तारीख काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"तपासणी पूर्ण झाल्यावर," निरीक्षक म्हणाले.

"किती दिवस लागतील?"

"बाई, काही वजनं माणसाच्या आयुष्यभर तपासावी लागतात."

बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि पास हेडक्लार्कांच्या हातात दिला. "रविवार चांगला जाऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. हेडक्लार्क दचकले. "काल दुपारी रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही भिंतीला सगळं समजावून सांगत होता, साहेब. मी पलीकडेच कपाटं मोजत होते."

बाहेर आल्यावर हेडक्लार्कांनी निरीक्षकांना विचारलं, "तो नियम खराच आहे का हो?"

"होता," निरीक्षक म्हणाले. "माझ्या काळात. आता आहे की नाही हे कळायला त्या बाईंना खात्याकडे पत्र पाठवावं लागेल. उत्तर येईपर्यंत मी तरी तपासत राहणार."

रविवारी सकाळी दोघांनी मिळून डंबेल उस्तादांच्या खोलीत नेली. प्रत्येकानं एकेक, आणि वाटेत हात बदलून, कारण निरीक्षकांचा तसा आग्रह होता. सात जुने सभासद आले होते. एकाच्या हातात काठी होती, एकाला ऐकू कमी येत होतं, एकानं मंडळाची जुनी बनियन घातली होती आणि ती आता बेंबीपर्यंतच पोचत होती. सगळे भिंतीला टेकून ओळीनं बसले होते आणि शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांना कोपरं मारत होते.

हेडक्लार्कांनी उस्तादांना बाजूला घेतलं. "उस्ताद, ही जोडी सारखी नाही! एक दोन किलोनं जड आहे!"

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"म्हणून तर दर वेळी हात बदलायचा. साठ वर्षं बदलतोय."

"मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं नव्हतं का?" उस्तादांनी त्यांच्या दोन्ही खांद्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "नसेल सांगितलं," ते ओशाळून म्हणाले.

मग उस्ताद खोलीच्या मधोमध उभे राहिले. पाय रोवले. डंबेल खांद्याशी आली. भिंतीकडची कुजबुज थांबली. पहिल्यांदा दोन्ही डंबेल सरळ डोक्यावर गेली आणि सातही जण एका आवाजात ओरडले, "एक!" दुसरी खेप गेली, पण कानापाशी जरा रेंगाळली. "दोन!" तिसरी कपाळापर्यंत आली आणि थांबली.

तिथंच थांबली. उस्तादांचे हात थरथरायला लागले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. ऐकू कमी येणाऱ्या गृहस्थांनी "तीन" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. काठीवाल्यांनी नजर खाली वळवली.

हेडक्लार्क मागे, भिंतीपाशी उभे होते. त्यांनी विचार केला असं म्हणता येणार नाही. ते दोन पावलं पुढं गेले, उस्तादांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही कोपरांखाली आपले तळहात लावले. समोरून फार काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी त्या सातांपैकी चौघांचे चष्मे घरी होते. डंबेल वर गेली.

"तीन!" खोली दणाणली.

एवढ्यावर थांबतील तर ते उस्ताद कसले! त्यांच्या अंगात एकदम वीस वर्षांचा कुणीतरी शिरला. "मोजा!" ते गरजले. चार झाले, पाच झाले. हेडक्लार्कांचे पाय फरशीत रुतले, पोट आपोआप आवळलं गेलं, आणि अडीच महिने जे काही उजवीकडे जमा झालं होतं आणि डावीकडे झालं नव्हतं, ते सगळं त्यांनी त्या दोन कोपरांखाली लावलं. सातव्या खेपेला त्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. आठव्याला डावा खांदा पेटल्यासारखा झाला. भिंतीकडचे म्हातारे आता उभे राहून टाळ्यांच्या तालावर मोजत होते आणि निरीक्षकही, आकडा चुकू नये म्हणून, बोटं धरून मोजत होते.

"दहा!"

डंबेल खाली आली. सगळे एकदम पुढं आले, कुणी उस्तादांची पाठ थोपटली, कुणी डोळे पुसले, कुणी उगाचच शिव्या दिल्या. त्या गलक्यात उस्ताद तोंड समोर ठेवूनच हळू आवाजात म्हणाले, "यातले माझे किती?"

"आठ," हेडक्लार्क धापा टाकत म्हणाले.

"नोंद चुकतेय."

"नोंद मी केलीय, उस्ताद. एकोणतीस वर्षं करतोय. आठ."

उस्तादांनी मान उंचावून विचारलं, "हं, आता कोण?"

काठीवाले गृहस्थ काठी निरीक्षकांच्या हातात देऊन उठले. हेडक्लार्कांनी बाह्या वर सारल्या आणि ते त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.